एमजीबी जीटीला स्पेसर आणि चार पिस्टनचे कॅलिपर: आधी मागचे ड्रम उघडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात गडबड असेल तर लगेच सांगता येईल. गाडी १९७२ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, रोस्टाइल (मूळच्या पोलादी) चाकांची, इंग्लंडमध्येच असलेली. तुम्ही तिच्यासाठी १५ इंची, मिनीलाइट धाटणीची अलॉय चाकं घेतली आहेत आणि पुढच्या ब्रेकसाठी चार पिस्टनच्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) किटही घेऊन ठेवला आहे. किट विकणारा म्हणतो की कॅलिपर चाकाच्या स्पोकला घासेल, तेव्हा १० मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवायला त्याच्या मागे बसणाऱ्या चकत्या) टाका. मागची चाकं मडगार्डच्या फार आत दिसतात म्हणून तिथे २५ मिलिमीटरचे स्पेसर टाकायचा तुमचा विचार आहे. उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन आल्प्समध्ये स्टेल्व्हिओचा घाट करायचा आहे. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय की सध्या पेडल निम्म्याच्या खाली गेल्याशिवाय गाडी धरत नाही.

मला त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करायची आहे. कारण सगळा ताळेबंद उलटा वाचला तर असा दिसतो: स्पेसर हवा कारण कॅलिपर मोठा, कॅलिपर मोठा हवा कारण ब्रेकवर भरवसा नाही, आणि भरवसा नाही कारण पेडल खोल जातं. हे खोल जाणारं पेडल एमजीबीमध्ये बहुतेक वेळा पुढच्या ब्रेकमुळे नसतंच. ते मागच्या ड्रममुळे असतं.

मागचे १० इंची ड्रम आपोआप जुळत नाहीत. लायनर झिजले की शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वक्र तुकडे) ड्रमपासून लांब जातात, आणि ते अंतर भरून काढायला पेडलला जास्त ब्रेक ऑइल ढकलावं लागतं. बॅकप्लेटच्या मागून चौकोनी डोक्याचा एक अ‍ॅडजस्टर बाहेर आलेला असतो, तो हाताने फिरवावा लागतो. चाक फिरायचं थांबेपर्यंत आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतपत एक-दोन खटके सैल करायचा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हा अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला असणं ही रोजची गोष्ट आहे. कुणी कधी हातच लावलेला नसतो. चौकोनी डोकं जरा नाजूक असतं, साध्या पान्याने ओढाल तर कडा जातील. बरोबर मापाचा चौकोनी पाना घ्या आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ड्रम काढलेलाच आहे तर व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) रबराखाली ओल आहे का पाहा. ओल असेल तर सिलिंडर बदला आणि ऑइल लागलेले शूसुद्धा बदला, ते धुऊन वापरू नका.

मग होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या. पन्नास वर्षांच्या गाडीवर किती वर्षांचे होज आहेत हे ठाऊक नसेल तर सगळे बदला. जुना रबरी होज दाबाखाली फुगतो, म्हणजे पेडल स्पंजासारखं लागतं. आतून सुजला तर परत येणारं ऑइल अडवतो आणि एका बाजूचा ब्रेक धरून राहतो. त्यानंतर ताजं डॉट ४ ऑइल घालून नीट एअर काढा. एवढ्यावर पेडल जागेवर येण्याची शक्यता बरीच आहे, आणि हा सगळा खर्च तुमच्या किटच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

आता खरोखर मोठे ब्रेक लागतात का, याकडे येऊ. गाडी किती अंतरात थांबणार हे एका ब्रेकमध्ये टायर ठरवतो. तुमचे आत्ताचे ब्रेक, नीट असतील तर, चाक जाम करू शकतात का? कोरड्या रस्त्यावर जोरात दाबलं तर करू शकतात. मग त्याहून ताकदवान कॅलिपरने गाडी लवकर थांबणार नाही, चाक फक्त लवकर जाम होईल. तुमच्या गाडीत एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, हे इथे महत्त्वाचं. मोठ्या ब्रेकचा खरा फायदा उष्णता पचवण्यात आहे, म्हणजे एकामागून एक ब्रेक लागत राहिले तरी दम टिकण्यात.

थोडा हिशेब करू, ढोबळच. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून १३०० किलो धरा. ताशी ११० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना साधारण ६ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली सत्तर टक्के पुढे गेली, तर प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला दोन लाखांहून थोडी जास्त. साडेचार किलोची बिडाची डिस्क त्याने ९०-१०० अंशांनी तापते. एका ब्रेकला हे काहीच नाही. मोटारवेवर आणि गावातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला मूळची १०.७५ इंची डिस्क आणि बरे पॅड पुरतात, असं मी बिनधास्त सांगतो. रेस ट्रॅकवर दर लॅपला सहा-सात वेळा असा ब्रेक लागला तर गणित बदलतं, आणि तिथे मी स्वतः हवेशीर डिस्क सुचवतो.

तुमचा घाट या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. स्टेल्व्हिओची खिंड २७५७ मीटरवर आहे आणि प्राटो गावाच्या बाजूला ४८ वळणांनी तुम्ही सुमारे १८०० मीटर खाली येता. १३०० किलोंनी तेवढं खाली येणं म्हणजे २ कोटी ३० लाख ज्यूल, म्हणजे वर सांगितलेले अडतीसएक ब्रेक, तेही मंद वेगात, जिथे डिस्कला वारा फारसा मिळत नाही. ही उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पाय थेट फ्लोअरला टेकतो. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ऑइलने हवेतलं पाणी शोषलं की तोच १५५पर्यंत उतरू शकतो. चार पिस्टनचे कॅलिपर आणि पाच वर्षांचं ऑइल, की मूळचे कॅलिपर आणि ताजं ऑइल, असा पर्याय मिळाला तर मी डोळे मिटून दुसरा घेईन. डॉट ५.१ घेतलंत तर थोडी आणखी ढील मिळते. डॉट ५ मात्र वेगळं प्रकरण आहे. ते सिलिकॉनचं असतं, ५.१मध्ये किंवा ४मध्ये मिसळायचं नसतं. नावं सारखी ठेवून कुणी काय साधलं कोण जाणे.

आणि उतारावर इंजिनाला कामाला लावा. तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गियर) असेल तर घाट सुरू होण्याआधीच तो बंद करा. तो तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये चालू राहिला तर इंजिन गाडीला हवं तसं रोखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये या, सतत पाय ठेवून बसू नका; जोरात थोडा वेळ ब्रेक, मग पूर्ण सोडा. आपल्याकडे घाटात ट्रकवाले ज्या गियरने चढतात त्याच गियरने उतरतात, तो नियम आल्प्समध्येही लागू पडतो.

तरी ब्रेक सुधारायचेच असतील तर मी काय करतो? पहिली पायरी पॅड. मिंटेक्स ११४४सारखे फास्ट रोड पॅड थंडीतही धरतात आणि मूळ पॅडपेक्षा जास्त तापमान सोसतात. रेसचे पॅड घालू नका. ते गार असताना धरत नाहीत, आणि सकाळी पहिल्या चौकात त्याची प्रचीती येते. दुसरी पायरी जीटी व्ही८ची. १९७३ ते १९७६ या काळात एमजीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन घालून एमजीबी जीटी व्ही८ काढली. १३७ हॉर्सपॉवर, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा चाळीसेक जास्त. तिच्यासाठी कारखान्याने काय केलं? जाड डिस्क दिल्या आणि त्यांना शोभतील असे दोन पिस्टनचेच कॅलिपर. चाकं १४ इंचीच ठेवली. तो संच तुमच्या गाडीला बसतो, डिस्कचं वजन वाढतं म्हणजे उष्णता साठवायची जागा वाढते, आणि स्पेसरचा प्रश्न बहुतेक उद्भवतच नाही. घाटासाठी मला एवढं पुरेसं वाटतं.

चार पिस्टनच्या कॅलिपरबद्दल एक गैरसमज फार आहे. पिस्टन दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट, असं नसतं. मूळ कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २३ चौरस सेंटिमीटर येतं. एका बाजूला ३८ मिलिमीटरचे दोन पिस्टन असलेल्या कॅलिपरचंही तेवढंच येतं. म्हणजे त्याच पायाच्या जोरावर दाब तोच. फायदा मिळतो तो लांब पॅडवर दाब सारखा पसरण्यात आणि अ‍ॅल्युमिनियमचा कॅलिपर असेल तर वजनात. तुमच्या किटमधल्या कॅलिपरचे पिस्टन व्हर्नियरने मोजा आणि हे गणित करा. क्षेत्रफळ बरंच वाढत असेल तर दोन गोष्टी होतील. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) तोच असल्यामुळे पेडल आणखी खोल जाईल, म्हणजे ज्या तक्रारीपासून आपण निघालो तीच वाढेल. आणि पुढचा-मागचा तोल बिघडेल. एमजीबीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ९१ इंचांचा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि साधारण दोन तृतीयांश भार पुढच्या चाकांवर येतो. मूळ ब्रेक त्या हिशेबाने जुळवलेले आहेत. पुढचे फार जोरकस केले तर पुढची चाकं आधी जाम होतील, मागचे ड्रम अर्धं काम करून गप्प बसतील आणि ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर वाढेल.

आणखी एक, जे कॅलिपरपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना १९६८च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किटचे (ऑइलच्या दोन स्वतंत्र मार्गांचे) ब्रेक होते; ब्रिटनच्या बाजारातल्या गाड्या त्यानंतरही बरीच वर्षं एकेरीवर राहिल्या. तुमची १९७२ची असल्याने बहुधा एकेरीच असेल. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो तो हँडब्रेक. पैसे खर्चायचेच असतील तर तांबे-निकेलचे नवे पाइप टाका, आणि जमल्यास दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर.

आता स्पेसर. लोक विचारतात की स्पेसर धोकादायक असतात का. चांगला, नीट बसवलेला स्पेसर धोकादायक नसतो. कारखान्यांनीही गाड्यांना दिलेले आहेत. पण तुम्हाला सुचवलेलं १० मिलिमीटर हे माप मात्र सगळ्यात अडचणीचं आहे. तुमचे स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट बसतात ते आट्यांचे दांडे, अर्धा इंच जाडीचे, इंचाला २० आटे. म्हणजे दर आट्याला १.२७ मिलिमीटर. १० मिलिमीटरचा स्पेसर मध्ये आला की जवळजवळ आठ आटे गेले. नट किमान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२.७ मिलिमीटर आत जायला हवा, जे पूर्ण दहा फेरे होतात. स्पेसर टाकून चाक लावा, नट हाताने फिरवा आणि तो टेकेपर्यंत फेरे मोजा. दहा भरले नाहीत तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मूळ स्टडवर १० मिलिमीटरनंतर दहा भरत असतील असं मला वाटत नाही. दुसरा प्रकार असतो स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरचा, जो हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला) नटांनी बसतो आणि चाक त्याला बसतं. त्यात मूळ स्टड आणि नट लपावे लागतात, म्हणून तो २० मिलिमीटरपेक्षा पातळ सहसा जमत नाही. तुमचं १० मध्येच लटकतं. त्याला एकच मार्ग, लांब स्टड.

लांब स्टड हबच्या मागून दाबून बसवायचे असतात, आणि पुढे त्यासाठी हब काढावा लागतो. सुदैवाने एमजीबीची डिस्क हबलाच मागून बोल्ट केलेली असल्याने डिस्क बदलतानाही हब काढावाच लागतो. दोन्ही कामं एकदम करा. हब परत बसवताना टेपर बेअरिंगचा एंड-फ्लोट (आत-बाहेर हलण्याची ढील) शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून २ ते ४ हजारांश इंचात आणायचा असतो. अनेक ठिकाणी ते शिम फेकून देऊन नुसतं 'अंदाजाने' आवळतात. तसं करू देऊ नका. दोन बेअरिंगमधली नळी आणि शिम एकत्र दाबले जाऊन स्टब अ‍ॅक्सलला जो ताठपणा देतात तो जातो, आणि तुम्ही तर स्पेसरने त्याच अ‍ॅक्सलवरचा वाक वाढवणार आहात.

स्पेसर आणि ब्रेक एकत्र का पाहायचे, याचं मुख्य कारणही इथेच आहे. चाक बाहेर सरकलं की टायरचा मध्य किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या) रेषेपासून लांब जातो. ते अंतर म्हणजे स्टीअरिंगवरची तरफ. उजव्या-डाव्या ब्रेकच्या जोरात थोडा फरक असला, एक चाक ओल्या पट्ट्यावर आलं, तर ती तरफ स्टीअरिंग तुमच्या हातातून ओढते. म्हणजे तुम्ही ब्रेकचा जोर वाढवताय आणि त्याच वेळी त्या जोराला स्टीअरिंग ओढायला लांब हात देताय. ३ मिलिमीटरने फरक कळत नाही. १० मिलिमीटरने कळतो. किंगपिन झिजलेले असतील तर फारच कळतो.

म्हणून माझा सल्ला असा की चाकच बदला. चाकं अजून न वापरलेली आहेत, परत घेतली जातील. कॅलिपर विकणाऱ्याकडे त्याचा कागदी साचा मागा, तो चाकाच्या आतून धरून पाहा. ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार भोकं असलेली (४ × ११४.३), कॅलिपर सामावणारी, योग्य ऑफसेटची (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) १५ इंची चाकं मिळतात. प्रत्यक्ष बसवल्यावर स्पोकच्या आतल्या बाजूला मुलांच्या खेळण्याच्या मातीच्या गोळ्या चिकटवा, चाक लावून फिरवा, काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको.

मागच्या २५ मिलिमीटरच्या स्पेसरबद्दल मी स्पष्टच नाही म्हणेन. जीटीला पहिल्यापासून ट्यूब प्रकारचा एक्सल आहे, त्यात गाडीचा भार हाफशाफ्टवरून (चाक फिरवणाऱ्या दांड्यावरून) जातो; चाक एक इंच बाहेर नेलं की शाफ्टवरचा आणि बेअरिंगवरचा वाक वाढतो. शिवाय या गाड्यांत मागचा एक्सल बॉडीच्या अगदी मधोमध क्वचितच असतो; दोन्ही बाजूंचं अंतर मोजाल तर काही मिलिमीटरचा फरक दिसेलच. मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, वळणावर ते आडवेही थोडे सरकतात. १९५ मिलिमीटर रुंदीचे (१९५/६०) टायर, मागे बसलेली मुलं, सामान आणि घाटातलं वळण हे सगळं एकत्र आलं की टायर मडगार्डची कड चाटणार. दिसण्यासाठी करायचंच असेल तर ज्या बाजूला जागा कमी आहे ती बाजू मोजा, गाडी पूर्ण भरून मोजा, आणि त्यातून ५ मिलिमीटर निघाले तर तेवढेच वापरा. तेही आट्यांचे फेरे मोजून. (तारांची चाकं असलेल्या एमजीबीवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे दात्यांचा हब आणि मधला एकच नट असतो, स्पेसरला जागाच नसते; एक्सलही अरुंद असतो.)

कुठलाही स्पेसर बसवलात तरी एक लक्षात घ्या: चाक स्टडवर टांगलेलं नसतं, ते दोन पृष्ठभागांच्या घर्षणाने धरलेलं असतं, स्टड फक्त ताणून दाब देतो. म्हणून ते पृष्ठभाग लख्ख धातूचे हवेत. गंज, पावडर कोटिंगचा थर, ग्रीस, काहीही मध्ये राहिलं की ते काही किलोमीटरनी दबतं, ताण जातो आणि नट सैल होतात. माझ्याकडे एक रोडस्टर आली होती, मागच्या चाकाचे दोन स्टड तुटलेली. मालक स्पेसरला दोष देत होता. स्पेसर शाबूत होता. हौसेने दिलेला जाड रंग मध्ये चिरडलेला होता. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ६० ते ६५ पाउंड-फूट, आटे कोरडे ठेवून आवळा, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलॉय चाकाला मॅन्युअलचा आकडा लावण्याआधी चाक बनवणाऱ्याचा आकडा पाहा, आणि नटच्या डोक्याचा उतारही त्याच चाकाचा हवा. रोस्टाइलचे नट सगळ्या अलॉयना चालत नाहीत. एकावर एक दोन स्पेसर तर कधीच नाही.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठे बदल न झालेल्या गाडीला २०१८पासून एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. सुरक्षिततेसाठी केलेली ब्रेकची सुधारणा त्या मोठ्या बदलांत मोडत नाही. तरी एवढं काम केल्यावर मी माझ्या ग्राहकांना स्वेच्छेने एमओटी करून घ्यायला लावतो, कारण तिथे रोलरवर डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा मोजला जातो आणि फरक आकड्यांत हातात येतो. विमा कंपनीला मात्र चाकं, स्पेसर, कॅलिपर, जे काही कराल ते लेखी कळवा.

तर तुमच्या जागी मी असतो तर या शनिवारी मागचे ड्रम उघडले असते आणि किटचं खोकं बंदच ठेवलं असतं. अ‍ॅडजस्टर, सिलिंडर, होज, ऑइल एवढं झाल्यावर पेडल किती खाली जातं ते कळवा. चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटीचा (ऑफसेटचा) आकडा आणि किटमधल्या पिस्टनचा व्यासही लिहा. त्या तीन आकड्यांवरून किट ठेवायचा की विकून व्ही८चा संच घ्यायचा, हे सांगता येईल.